मेकॅनिकल ब्रॉडहेड फील्ड पॉइंटच्या जागी का लागत नाही?

महिनाभर फील्ड पॉइंटनं, म्हणजे सरावाच्या बिनपात्याच्या टोकानं, सराव झालेला असतो. २० यार्डांवर तीन तीर मुठीत मावतील एवढ्या जागेत बसतायत. हंगाम तोंडावर येतो, पाकीट फोडून नवं मेकॅनिकल ब्रॉडहेड, म्हणजे लागल्यावर पाती उघडणारं शिकारीचं टोक, शाफ्टवर (तीराच्या दांडीवर) चढवलं जातं आणि पहिलाच तीर चार बोटं डावीकडे लागतो. दुसराही तिथेच. मग धनुष्यावरची नेम धरायची साइट सरकवली जाते. तिसरा तीर बरोबर बसतो, चौथा कुठेतरी भलतीकडेच. संध्याकाळपर्यंत साइट तीनदा हललेली असते, दोन व्हेन (तीराच्या शेपटीचे पंख) फाटलेल्या असतात आणि दोष ब्रॉडहेडच्या माथी मारून दुसऱ्या कंपनीचं पाकीट मागवलेलं असतं.

दर हंगामाला हीच तक्रार ऐकू येते, आणि बहुतेक वेळा ब्रॉडहेड बदलून ती सुटत नाही. 'फील्ड पॉइंटसारखं उडतं' हे पाकिटावरचं वाक्य अर्धं खरं आहे. तीर धनुष्यातून सरळ निघत असेल तर ते तसं उडतं. तिरका निघत असेल, तर मिटलेली पातीसुद्धा वारा पकडतात. फिक्स्ड, म्हणजे पाती कायम उघडी असलेल्या, ब्रॉडहेडची पाती पुढच्या टोकाला लावलेल्या पंखांसारखी असतात, त्यामुळे ती तीराला जोरात ओढून नेतात आणि चूक लगेच उघड होते. मेकॅनिकलमध्ये तीच चूक कमी दिसते, एवढाच फरक. चूक जागच्या जागीच असते.

साइट शेवटी हलवायची. आधी तीर कसे चुकतायत ते पाहा.

रोज एकाच बाजूला, की मधूनच एखादा?

पुढचं सगळं या एका प्रश्नावर उभं आहे. सहा तीर घ्या, शाफ्टवर मार्करनं १ ते ६ आकडे घाला. आधी सहाही फील्ड पॉइंटनं मारा, मग तेच सहा मेकॅनिकल लावून. ब्रॉडहेड नेहमी वेगवेगळ्या ठिपक्यांवर मारा, नाहीतर दुसरा तीर पहिल्याची व्हेन कापेल. कुठला आकडा कुठे लागला ते कागदावर लिहा. आठवणीवर विसंबू नका, वाईट तीर आपण सोयीनं विसरतो.

ब्रॉडहेडचा ग्रुप (एकत्र लागलेल्या तीरांचा पुंजका) घट्ट आहे पण फील्ड पॉइंटच्या ग्रुपपासून बाजूला आहे, असं दिसलं तर दोष तीराच्या उड्डाणात आहे, म्हणजे धनुष्याच्या जुळणीत किंवा तुमच्या पकडीत. पाच तीर जागेवर आणि एक भरकटलेला, असं असेल तर आकडा पाहा. दर वेळी तोच क्रमांक पळत असेल तर तो शाफ्ट, त्याचा इन्सर्ट (टोक फिरवून बसवायची आतली नळी) किंवा त्याचा नॉक (दोरीत अडकणारी मागची खाच) बिघडलेला आहे. पळणारा क्रमांक दर फेरीला बदलत असेल, तर पातं हवेतच उघडतंय असा संशय घ्या.

अजून एक गोष्ट: फील्ड पॉइंट १०० ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचं छोटं माप) आणि ब्रॉडहेड १२५ ग्रेनचं असेल तर ही तुलनाच चुकीची आहे. हसू नका, निम्म्या तक्रारींत हा प्रश्न विचारावा लागतो. २-३ ग्रेनच्या फरकानं २० यार्डांवर काही दिसत नाही, २५ ग्रेननं दिसतं.

ग्रुप घट्ट, पण बाजूला

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त वेळ आणि तीर इथेच वाया जातात.

पहिली तपासणी फुकटातली. ब्रॉडहेड लावलेला तीर रोलरवर ठेवून फिरवा. रोलर नसतील तर दोन्ही हातांच्या बोटांच्या नखांवर शाफ्ट आडवा ठेवून फुंकर मारून फिरवा, फक्त टोक स्वतःपासून लांब ठेवा. नजर ब्रॉडहेडच्या टोकावर आणि जिथे ते शाफ्टला भिडतं त्या सांध्यावर असू द्या. टोक वर्तुळ काढताना दिसलं, तर ते ब्रॉडहेड काढून दुसऱ्या शाफ्टवर लावा. डगमग ब्रॉडहेडबरोबर गेली तर ब्रॉडहेड वाकडं, शाफ्टपाशीच राहिली तर इन्सर्ट तिरपा बसलाय किंवा शाफ्टचं तोंड काटकोनात कापलेलं नाही. तोंड घासून सपाट करायचं छोटं साधन मिळतं. कार्बन घासताना मास्क लावा आणि भुकटी ओल्या फडक्यानं पुसा, ती फुफ्फुसात जायला नको. हॉट-मेल्टनं चिकटवलेला इन्सर्ट काढायचा असेल तर त्यात एक जुना फील्ड पॉइंट फिरवून बसवा आणि उष्णता त्या पॉइंटला द्या. शाफ्टला थेट आच दिली तर कार्बन निकामी होतो, आणि असा शाफ्ट सुटताना फुटू शकतो.

दुसरी तपासणी हाताची. धनुष्याची मूठ आवळून धरली की रायझर, म्हणजे धनुष्याचा मधला दांडा, पिळला जातो. फील्ड पॉइंट ते खपवून घेतो, ब्रॉडहेड घेत नाही. तुमच्याच ड्रॉ लांबीच्या, म्हणजे दोरी तुमच्याएवढीच मागे ओढणाऱ्या, कुणाला तरी तेच धनुष्य आणि तेच तीर मारायला द्या. त्याच्या हातात दोन्ही ग्रुप एकत्र आले तर पान्याला हात लावायची गरज नाही, तळहात सैल सोडायचा सराव करा. दोरी गालात खुपसून दाबायची सवयही हेच करते. मी स्वतः एक अख्खा आठवडा रेस्ट (तीर टेकतो तो आधार) इकडून तिकडे सरकवत बसलो होतो. चूक हिवाळी जॅकेटच्या जाड कॉलरची निघाली, दोरी सुटताना तिला घासून जात होती.

तिसरी गोष्ट, व्हेन रेस्टला किंवा केबलला लागते का. पायाला मारतात ती पावडर व्हेनवर आणि रेस्टवर फवारून एक तीर मारा. पावडर ओरखडली असेल तर नॉक थोडा फिरवा किंवा ड्रॉप-अवे (तीर सुटताना खाली पडणारा) रेस्ट कधी पडतो ते जुळवा. हा दोष राहिला तर पुढची सगळी मेहनत पाण्यात.

एवढं झाल्यावरच रेस्टला हात लावा. शाफ्टला मेकॅनिकल न लावता तेवढ्याच वजनाचं फिक्स्ड ब्रॉडहेड लावा. ते चुगलखोर असतं, छोटी चूकही मोठी करून सांगतं, म्हणून जुळणीसाठी त्याच्यासारखं दुसरं काही नाही. फिक्स्ड आणि फील्ड पॉइंट एका जागी आले की मेकॅनिकल आपोआप तिथे येतं. शिकारीला तुम्ही कधीच फिक्स्ड वापरणार नसाल, तरी एक-दोन घरात असू द्या.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: ब्रॉडहेडला फील्ड पॉइंटकडे जायला सांगायचं. ब्रॉडहेड डावीकडे लागत असेल तर रेस्ट उजवीकडे सरकवा, उजवीकडे लागत असेल तर डावीकडे. ब्रॉडहेड खाली लागत असेल तर रेस्ट वर घ्या किंवा नॉकिंग पॉइंट (दोरीवरची नॉक अडकवायची जागा) खाली, वर लागत असेल तर याच्या उलट. एका वेळी १/३२ इंच, म्हणजे साधारण ०.८ मिलिमीटर, त्याहून जास्त नाही. रेस्ट सरकवल्यावर दोन्ही ग्रुप हलतात आणि लोक गोंधळून साइटकडे वळतात. ठिपक्यापासूनचं अंतर पाहू नका, फक्त दोन ग्रुपमधलं अंतर पाहा. ते कमी होतंय ना, बस. डावं-उजवं आणि वर-खाली एकाच वेळी छेडू नका, एक संपवून दुसरं घ्या. २० यार्डांवर जुळलं की ३० वर, मग ४० वर जा. जवळून न दिसणारा फरक लांबून दिसतो.

कागदातून मारायची चाचणीही चालते. साधारण दोन मीटरवरून ताणलेल्या कागदातून तीर मारायचा आणि फाटलेल्या भोकावरून नॉक कुठल्या बाजूला गेला ते वाचायचं. सुरुवातीच्या जुळणीला ती चांगली. पण कागदाला तीर एका क्षणी कसा होता एवढंच कळतं. कागदावर गोल भोक पडूनही ब्रॉडहेड बाजूला लागलेलं मी पाहिलंय, म्हणून माझा शेवटचा निकाल टार्गेटवरच.

रेस्ट सरकवून सरकवून सेंटर-शॉट (रेस्टवरच्या तीराची डावी-उजवी जागा) मूळ जागेपासून तीनेक मिलिमीटर लांब गेला आणि ग्रुप अजून जवळ येत नाहीत, तर थांबा. पुष्कळशा कंपाऊंड (टोकांना चाकं असलेल्या) धनुष्यांना रायझरपासून १३/१६ इंच ही सुरुवातीची जागा मानतात. तिथून फार लांब गेलेला रेस्ट म्हणजे दुसरीकडचा दोष लपवला जातोय.

तो दोष बहुधा दोनपैकी एक असतो. एक म्हणजे तीराचा स्पाइन, म्हणजे शाफ्टचा ताठपणा. ब्रॉडहेड फील्ड पॉइंटपेक्षा लांब असतं, त्याचं वजन शाफ्टच्या टोकापासून आणखी पुढे लटकतं, म्हणून वजन तेवढंच असलं तरी शाफ्ट सुटताना किंचित जास्त वाकतो. आधीच काठावर असलेला शाफ्ट इथे मऊ पडतो. ओळखायची युक्ती अशी: दोन्ही लिंब (धनुष्याच्या वाकणाऱ्या भुजा) धरणारे बोल्ट अर्धा-अर्धा फेरा सैल करा, दोन्ही अगदी सारखे. ओढ कमी झाल्यावर ग्रुप जवळ आले, तर शाफ्ट मऊ आहे. तुमच्या ओढीला आणि लांबीला साजेसा ताठ शाफ्ट घ्या किंवा पुढचं वजन कमी करा. दुसरा दोष कॅमचा, म्हणजे धनुष्याच्या टोकांच्या चाकांचा: कॅम कलला असेल किंवा दोन कॅम एकाच वेळी फिरत नसतील तर नॉक सरळ रेषेत पुढे जात नाही. योकला (केबलच्या दुभागलेल्या टोकाला) पीळ देऊन तो कल सुधारतात, पण त्यासाठी बो-प्रेस (लिंब दाबून धरणारं यंत्र) लागते. प्रेस नसेल तर जाणकाराकडे न्या. प्रेसशिवाय कंपाऊंडची दोरी सोडायच्या फंदात पडू नका, लिंबमध्ये साठलेली ताकद बोटं ठेवणार नाही.

मधूनच एखादा तीर पळतो

२७० फूट प्रति सेकंद, म्हणजे ८२ मीटर प्रति सेकंद, वेगानं निघणारा तीर हा वेग जेमतेम अर्ध्या मीटरच्या धावेत गाठतो. हिशेब केला तर त्या काही मिलिसेकंदांत तीराला गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे ६५० पट प्रवेग मिळतो. दोन ग्रॅमचं पातं त्या क्षणी सव्वा किलोहून जास्त जोरानं मागे खेचलं जातं. मागे सरकून उघडणाऱ्या, म्हणजे रिअर-डिप्लॉय, ब्रॉडहेडमध्ये पातं उघडायची दिशाही तीच असते. ते मिटलेलं राहतं ते फक्त कॉलर, रबरी कडं किंवा स्प्रिंगच्या भरवशावर.

म्हणजे गेल्या हंगामातलं कडं यंदा वापरू नका. उन्हात रबर कडक होतं, थंडीत त्याला चिरा पडतात. प्लास्टिकची कॉलर एकदा पातं उघडून गेलं की बाद समजायची, वरून धड दिसत असली तरी. कंपन्या पाकिटात जादा कॉलर देतात त्या उगाच नाही.

हवेत पातं उघडतंय का ते कसं ओळखायचं? कानानं. फडफड किंवा शिट्टीसारखा आवाज करत जाणारा तीर ऐकला तर संशय पक्का. डोळ्यानं पाहायचं तर टार्गेटच्या थोडं पुढे पातळ कागद लावा. पातं मिटलेलं असेल तर भोक लहान आणि कडेला पात्यांच्या कानांच्या (मिटल्यावरही बाहेर राहणाऱ्या टोकांच्या) बारीक खाचा. उघडं असेल तर लांब चिरा. पुठ्ठा वापरू नका, पुठ्ठा स्वतःच पातं उघडतो. तिसरी रीत, पाती कुलूपबंद असलेलं सरावाचं ब्रॉडहेड त्याच शाफ्टवर लावून मारा. पळणारे तीर थांबले तर चोर सापडला.

पण कधी कधी पातं धनुष्यातून सुटण्याआधीच अर्धं उघडलेलं असतं. भात्याच्या फोममध्ये ब्रॉडहेड खुपसायचं आणि ओढून काढायचं, त्यात कॉलर सरकते. मेकॅनिकलसाठी केलेला इन्सर्ट (इथे भात्याच्या आतला ठोकळा) भात्यात बसवा आणि प्रत्येक तीर नॉक करण्याआधी पात्यांवरून नजर फिरवा. बोट नाही, नजर.

आणि तीराची लांबी. फील्ड पॉइंटच्या भरवशावर शाफ्ट आखूड कापलेला असतो, मग पूर्ण ओढल्यावर मेकॅनिकलचे रुंद कान रेस्टला टेकतात. हे अचूकतेपेक्षा हाताच्या सुरक्षेचं आहे. दोरीला तीर न लावता ओढून पाहायचं नाही, आणि धारदार टोक लावूनही नाही. बोथट पॉइंट लावा, समोर टार्गेट ठेवा, जोडीदाराला बाजूनं बघायला सांगा, मोजा, मग ठरवा.

लागतो जागेवर, पण पातं नीट उघडत नाही

ही तक्रार कमी ऐकू येते, कारण टार्गेटवर ती दिसतच नाही. फोम टार्गेटवर पुठ्ठा टेकवून लावा, आता पुठ्ठाच हवा, आणि चिरा मोजा. दोन्ही बाजूंची चीर सारखी हवी. एक लांब, एक आखूड असेल तर एक पातं उशिरा उघडतंय. पाती धरणारा स्क्रू जास्त आवळलेला, खाचेत फोमचा चुरा, वाळलेलं रक्त किंवा गोठलेलं पाणी, एवढीच कारणं असतात. किंवा क्रॉसबोसाठी बनवलेलं ब्रॉडहेड साध्या धनुष्यावर चढवलेलं. क्रॉसबोचा झटका जास्त म्हणून त्याची पकड मुद्दाम घट्ट ठेवतात, कमी ताकदीच्या धनुष्यावर तिचा त्रासच होतो. उलटं केलं, तर क्रॉसबोवर साधं मेकॅनिकल सुटतानाच उघडतं.

मग तोच पुठ्ठा ४५ अंशांत तिरपा लावून मारा. पुढून उलटून उघडणाऱ्या ब्रॉडहेडमध्ये एक पातं आधी टेकतं आणि तीराची शेपटी फेकली जाते. मागे सरकणारी पाती हे बरंच कमी करतात. तिरप्या कोनात मारायची वेळ येणार असेल तर माझी पसंती मागे सरकणाऱ्यांना, आणि खरं तर फार तिरप्या कोनात तीर न सोडण्याला.

मग निवडायचं कुठलं?

लोक आधी कापाची रुंदी पाहतात. मी आधी धनुष्याची ताकद पाहतो, कारण पाती उघडायला आणि रुंद काप काढायला लागणारी ऊर्जा आत घुसण्याच्या हिशेबातूनच वजा होते. तीराच्या ऊर्जेचा हिशेब सोपा आहे: तीराचं वजन ग्रेनमध्ये, गुणिले वेगाचा वर्ग फूट प्रति सेकंदात, भागिले ४,५०,२४०. ४२० ग्रेनचा तीर २७० च्या वेगानं गेला तर ६८ फूट-पाउंड. ३६० ग्रेनचा तीर २१० च्या वेगानं गेला तर ३५. पहिल्यानं दोन इंची दोन-पाती ब्रॉडहेड खुशाल लावावं. दुसऱ्यानं तेच लावलं तर बरगडी लागल्यावर तीर अर्ध्यात अडकायची भीती आहे. त्यानं अरुंद काप घ्यावा, किंवा सरळ फिक्स्ड वापरावं. त्यात कमीपणा काही नाही.

वेग क्रोनोग्राफवर (वेगमापक यंत्रावर) मोजलेला हवा. जाहिरातीतला वेग बहुधा ७० पाउंड ओढ, ३० इंच ड्रॉ आणि ३५० ग्रेनच्या हलक्या तीरावर काढलेला असतो. तुमचा ड्रॉ २७ इंच आणि तीर ४२० ग्रेनचा असेल तर तो आकडा विसरा.

रुंदीचा आकडाही फसवतो. दोन इंची दोन-पाती ब्रॉडहेड एकूण दोन इंच कापतं. दीड इंची तीन-पाती पाऊण-पाऊण इंचाच्या तीन चिरा पाडतं, म्हणजे सव्वादोन इंच. दिसायला लहान, पण विरोध त्याला जास्त. ज्याच्याकडे ताकद जेमतेम आहे त्यानं पात्यांची संख्याही मोजावी.

आणि विकत घेण्याआधी जिथे शिकार करणार तिथले नियम वाचा. काही ठिकाणी मेकॅनिकलला परवानगी नसते, काही ठिकाणी कमीत कमी ओढ आणि कमीत कमी काप ठरवून दिलेला असतो.

सगळं जुळल्यावर

आता साइट हलवा, फील्ड पॉइंटनं नाही तर ज्या ब्रॉडहेडनं शिकार करणार त्यानंच. सरावाचं कुलूपबंद ब्रॉडहेड सरावापुरतं ठीक, पण ते खऱ्यासारखंच उडतं हे गृहीत धरू नका, एकदा शेजारी शेजारी मारून बघा. भात्यात जाणारं प्रत्येक ब्रॉडहेड एकदा तरी मारलेलं असावं. त्यानंतर पाती नवी घाला, कारण फोममधून एकदा गेलेलं पातं बोथट होतं, आणि कॉलर नवी. पाती बदलल्यावर तीर परत फिरवून पाहा. ब्रॉडहेड पाच-सहा तीरांनंतर थोडं सैल होतं, म्हणून आवळताना ब्रॉडहेडचा पाना वापरा, बोटांनी पात्यांना धरून नाही. शाफ्ट दर वेळी हलका वाकवून कानाजवळ धरा, करकर ऐकू आली तर मोडून टाका.

हे सगळं करूनही एखादं नवं पातं मिटत नसेल तर पाकीट परत पाठवण्याआधी ते उलटं तर घातलं नाही ना, बघा. मी घातलं होतं, दोनदा.